गौरवाचे वजन

‘देवाचे गौरव’ हे शब्द मराठी ख्रिस्ती उपासनेत, गीतांत आणि प्रवचनांत इतक्या वेळा येतात की ऐकणाऱ्याच्या कानावरून ते नुसते वाहून जातात. साहित्याच्या अभ्यासकाची स्थितीही फारशी वेगळी नाही. बायबलमधला एखादा उतारा समोर आला की त्याच्या मनात एक ठरलेले चित्र उभे राहते: ढग फाकलेले आहेत, वरून प्रकाशाचे झोत येत आहेत आणि खाली माणसे दिपून गुडघे टेकून बसली आहेत. हे चित्र आपल्याला युरोपच्या चित्रकलेने दिले. ते खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र त्या झगमगाटामुळे मूळ कल्पनेचा गाभा दिसेनासा होतो, आणि तो पुन्हा पाहण्यासाठी मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही, असे आमचे मत आहे. त्याची खूण त्याच्याच भाषेतल्या एका शब्दात आहे.

प्रचलित मराठी पवित्र शास्त्र उघडून पाहिले तर या एका कल्पनेसाठी निरनिराळे शब्द योजलेले आढळतात. सिनाय पर्वतावर मोशे देवाजवळ जे पाहू मागतो ते ‘तेज’ आहे. एकोणिसाव्या स्तोत्रात आकाश ज्याचे वर्णन करते तो ‘महिमा’ आहे. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्यांनी जे पाहिले ते ‘गौरव’ आहे. यांत अनुवादकांचा गोंधळ नाही. प्रसंगाला शोभेल तो शब्द त्यांनी घेतला. परंतु जुन्या करारातल्या या जागांच्या मुळाशी बहुधा एकच हिब्रू शब्द आहे, ‘काबोद’, आणि त्याचे धातुरूप ‘जड असणे, भारी असणे’ या अर्थाचे आहे. देवाचा काबोद म्हणजे देवाचे वजन.

आता आपल्या शब्दांकडे पाहू. ‘तेज’ ही डोळ्यांना जाणवणारी गोष्ट. ‘महिमा’ महत् या शब्दापासून आलेला, म्हणून त्यात मोठेपणा, विस्तार. ‘वैभव’ म्हणजे सत्ता आणि समृद्धी. ‘गौरव’ मात्र ‘गुरु’ या विशेषणाचे भाववाचक नाम आहे, आणि गुरु म्हणजे जड. वृत्ते शिकताना लघु-गुरूची मोजदाद ज्याने केली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. अष्टसिद्धींच्या यादीतही महिमा आणि गरिमा वेगळ्या मानल्या आहेत: एकीने देह विशाल होतो, दुसरीने तो जड होतो. गौरव हा या गरिमेचा सख्खा भाऊ. एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या दोन भाषाकुलांनी ‘मान’ आणि ‘भार’ यांची गाठ अशी एकाच ठिकाणी बांधावी, हे विलक्षण आहे. बोलीतही आपण तेच करतो. ज्याचे ऐकले जाते त्याच्या शब्दाला वजन असते, आणि ज्याची किंमत ठेवायची नाही त्याला आपण हलके लेखतो.

येथे एक आक्षेप आम्ही आधीच विचारात घेतो. जेम्स बार यांनी १९६१ साली ‘द सिमॅण्टिक्स ऑफ बिब्लिकल लँग्वेज’ या ग्रंथात बायबलच्या अभ्यासकांना बजावले की शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. धातू खणून काढायचा आणि त्यावर धर्मशास्त्राचा इमला चढवायचा, या सवयीवर त्यांनी कठोर टीका केली. ती रास्तच आहे. आज ‘कुशल’ म्हणताना कोणाच्या मनात कुश तोडणारा माणूस नसतो. तेव्हा काबोद हा शब्द जडत्वातून आला एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. खुद्द संहिता त्या जडत्वाची आठवण ठेवते का, हा खरा प्रश्न आहे. आमच्या मते ती ठेवते, आणि तीही मोठ्या जाणीवपूर्वक.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली एलीची कथा पाहावी. एली हा शिलो येथला वृद्ध याजक. त्याचे मुलगे यज्ञाच्या मांसातला उत्तम भाग बळकावतात आणि बाप त्यांना आवरत नाही. देवाचा माणूस येऊन त्याला दोष देतो: माझ्यापेक्षा तू आपल्या मुलांना अधिक मान दिलास. हा ‘मान देणे’ म्हणजे त्याच धातूचे क्रियापद, ‘भारी मानणे’. त्यालाच जोडून इशारा येतो की जे मला तुच्छ मानतील ते हलके ठरतील. आणि तिथे खरोखर ‘हलके’ या अर्थाचाच हिब्रू धातू आहे. पुढे पलिष्ट्यांशी लढाई होते, दोन्ही मुलगे पडतात, कराराचा कोश शत्रूच्या हाती जातो. ती वार्ता ऐकून अठ्ठ्याण्णव वर्षांचा एली आसनावरून मागे कोसळतो आणि मान मोडून मरतो. कथाकार कारण सांगतो: तो म्हातारा होता आणि जड होता. हा ‘जड’ म्हणजे ‘काबेद’. लगेच त्याची सून प्रसूत होते, मुलाचे नाव ईखाबोद ठेवते आणि इस्राएलातून काबोद निघून गेला असे म्हणत प्राण सोडते. पुढच्याच अध्यायात पलिष्ट्यांच्या अश्दोद नगरावर देवाचा हात ‘भारी’ होतो. यज्ञाच्या मांसावर पोसलेले शरीर जड झाले आणि देवाचे वजन त्या घरातून उठून गेले, हे सांगायला कथाकाराने एकही उपदेशपर वाक्य खर्च केलेले नाही. एका धातूच्या पुनरावृत्तीने त्याने ते काम केले आहे. अनुवादात जड, मान, गौरव आणि भारी असे चार शब्द झाले की हा धागा तुटतो.

निर्गमाच्या पुस्तकात हीच वीण अधिक विस्ताराने दिसते. मोशेची जीभ जड आहे. फारोचे हृदय ‘कठीण’ झाले असे आपण वाचतो, पण अनेक ठिकाणी मूळ शब्द ‘जड झाले’ असा आहे. मरी भारी, गारा भारी, टोळधाड भारी. शेवटी समुद्राच्या काठी देव म्हणतो की फारोच्या पराभवातून मी आपले काबोद प्रकट करीन, आणि त्याच अध्यायात मिसरी रथांची चाके जडपणे रेटली जातात. एका बाजूला न हलणारे हृदय, दुसऱ्या बाजूला अढळ देव. दोन जडत्वांच्या या संघर्षात खरे वजन कोणाचे, हा त्या कथेचा प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल की सिनायवर दिसलेले गौरव भस्म करणाऱ्या अग्नीसारखे होते, मोशेचा चेहरा चकाकत होता, बेथलेहेमच्या मेंढपाळांभोवती प्रकाश पडला होता. मग ‘तेज’ हा शब्द चुकीचा कसा? तो चुकीचा नाहीच. तेज हे गौरवाचे दिसणे आहे, पण संहिता वाचकाला त्या दिसण्यावर थांबू देत नाही. मोशे गौरव पाहू मागतो तेव्हा त्याला मिळणारे उत्तर अनपेक्षित आहे. देव म्हणतो की मी आपले सर्व चांगुलपण तुझ्यापुढून नेईन. मोशेला खडकाच्या कपारीत उभे केले जाते, त्याच्यावर हात झाकला जातो, मुख दिसत नाही, फक्त पाठ दिसते. आणि प्रत्यक्ष दर्शनाच्या वेळी ऐकू येते ते दया, मंदक्रोध आणि निष्ठा यांचे वर्णन, तसेच अपराधाची दखल घेतल्याशिवाय न सोडणारा न्यायही. डोळ्यांनी मागितलेली गोष्ट कानांना दिली गेली. गौरव म्हणजे देवाचे रूप अशी अपेक्षा होती. मिळाला तो देवाचा स्वभाव.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर होऊ लागले, तेव्हा अनुवादकांनी काबोदसाठी मुख्यतः ‘डोक्सा’ हा शब्द निवडला. प्लेटोच्या ग्रंथांत डोक्सा म्हणजे मत, ज्ञानाहून खालच्या पायरीवरची समजूत. लोकव्यवहारात तो ‘कीर्ती’ या अर्थाकडे वळलेला होता. म्हणजे जे स्वतःमध्ये भारी आहे त्यासाठी लोकांना काय वाटते हे सांगणारा शब्द आला. पुढे लॅटिन ‘ग्लोरिया’ आला, त्यातही कीर्तीच. या मार्गावर वजन सांडत गेले आणि लौकिक व लखलखाट वाढत गेले, असे आम्हांला वाटते. मराठीने ‘गौरव’ घेतला तेव्हा, कळत असो वा नकळत, हिब्रूची वाट पुन्हा जवळ आली. पंडिता रमाबाईंनी केडगावी हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याची अखेरची वर्षे मूळ भाषांवरून मराठी बायबल सिद्ध करण्यात घालवली आणि ते त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. मुळाकडे जाण्याचा हा हट्ट निव्वळ पांडित्याचा नव्हता, हे अशा वेळी पटते.

नव्या करारात डोक्साच्या या दोन्ही अंगांशी सर्वांत कठोर झगडा करतो तो योहान. आपसांत एकमेकांकडून गौरव घेणाऱ्यांना विश्वास ठेवणे कसे जमेल, असा प्रश्न त्याचा येशू विचारतो. माणसांकडचा डोक्सा आणि देवाकडचा डोक्सा यांना योहान समोरासमोर उभे करतो. रूपांतराचा प्रसंग, ज्यात पर्वतावर येशूचे रूप तेजाने पालटते, तो मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही दिला आहे. गौरवाविषयी सर्वांहून अधिक बोलणारा योहान नेमका तोच प्रसंग देत नाही. त्याच्याकडे गौरवाची ‘वेळ’ येते ती मृत्यूच्या रूपाने. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, हा दाखला त्या वेळेच्या घोषणेला लागून येतो. विश्वासघात करायला यहूदा बाहेर पडतो, तेव्हा रात्र होती असे कथाकार नोंदवतो; आणि त्या काळोखातच येशू म्हणतो की आता मनुष्याच्या पुत्राचे गौरव झाले आहे. ‘उंच करणे’ हे क्रियापद योहान वधस्तंभावर चढवणे आणि उच्चपदी बसवणे या दोन्ही अर्थांनी वापरतो. यशयाच्या ग्रीक भाषांतरात दुःख सोसणाऱ्या सेवकाविषयी ‘उंच केला जाईल’ आणि ‘गौरवला जाईल’ ही क्रियापदे एकत्र येतात. योहानाने ती जोडी तिथून उचलली असावी असे मानण्यास आधार आहे.

या वाचनाला विरोध आहे, आणि तो वजनदार आहे. रुडॉल्फ बुल्टमान यांनी १९४१ च्या आपल्या भाष्यात, गौरव देहातच दिसते, देहापलीकडे नाही, असे प्रतिपादले. त्यांचेच शिष्य एर्न्स्ट केझमान यांनी १९६६ साली उलट बाजू मांडली: योहानाचा येशू हा पृथ्वीवरून पाऊल न मळता चालणारा देव आहे आणि वधस्तंभ त्या विजययात्रेतला केवळ शेवटचा टप्पा आहे. सतराव्या अध्यायातली प्रार्थना वाचताना केझमान यांचे म्हणणे अगदीच फेटाळता येत नाही. तरीही आमचा कल बुल्टमान यांच्याकडे आहे. ज्या ग्रंथात पुनरुत्थित येशू हातांवरचे व्रण दाखवतो, आणि पेत्राचा मृत्यूही देवाचे गौरव करणारा म्हणून सांगितला जातो, तिथे दुःख हा निव्वळ टप्पा राहत नाही. पौलाने तर करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात क्षणिक, हलके संकट आणि गौरवाचा सार्वकालिक भार अशी तुलना केली आहे. तो ग्रीक लिहीत असला तरी त्याच्या कानात हिब्रू घुमते आहे. मार्टिन ल्यूथर यांनी १५१८ मध्ये हायडेलबर्ग येथे ‘गौरवाचे धर्मशास्त्र’ आणि ‘वधस्तंभाचे धर्मशास्त्र’ असा भेद केला, तोही याच प्रश्नाचा एक पुढचा अध्याय म्हणता येईल.

मराठी साहित्याला हा प्रश्न परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. आपल्याकडे त्याचे वाचन बहुतेकदा मराठीची स्तुती करणाऱ्या काही ओव्यांपाशी संपते. पुराण हा तर महिमा गाण्याचा प्रकार. देवाचे पराक्रम आणि शत्रूंचा संहार ही त्याची सवयीची सामग्री. या साच्यात अपमानित होऊन मरणाऱ्या देवाची कथा घालताना महिम्याचे काय होते? हा प्रश्न घेऊन दुसरे पुराण वाचले, तर तो ग्रंथ भाषेच्या इतिहासातला पुरावा न राहता काव्य म्हणून उभा राहील. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाची वाट धरली आणि त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले, तिथेही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने विचारता येतो. वर्गात तो विचारला जावा, असा आमचा आग्रह आहे. त्यासाठी शिकवणाऱ्याने किंवा शिकणाऱ्याने ख्रिस्ती असण्याची गरज नाही.

अडचण एवढीच की आज ‘गौरव’ हा शब्दच आपण फार हलका करून ठेवला आहे. गौरव समिती, गौरव अंक, गौरव समारंभ. शाल, श्रीफळ आणि टाळ्या. योहानाने ज्याला माणसांकडचा डोक्सा म्हटले तो याहून फार निराळा नसावा. साहित्याच्या क्षेत्रात तर आपण एकमेकांचे गौरव करण्यात विशेष तत्पर आहोत. म्हणून बायबलमधला हा शब्द वाचताना प्रकाशाची कल्पना जरा बाजूला ठेवावी आणि साधा प्रश्न विचारावा: येथे भार कोणी उचलला आहे? सिनायपासून गुलगुथ्यापर्यंत, ज्याने दुसऱ्याच्या अपराधाचा भार उचलला त्याच्याकडेच ही संहिता पुन्हा पुन्हा बोट दाखवते.