आधी उसाच्या फडाकडे या



नोकरी सोडून परदेशातल्या वंचित मुलांना शिकवण्याचे आवाहन करणारे पत्र वाचले. त्या त्यागाचा आदर आहे. पण त्या पत्रातले 'इथे आता शाळा पोहोचल्या' हे विधान बीडपुरते तरी चूक आहे. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडची कुटुंबे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. शिक्षणहक्क कायदा 2009 चा. तरी सोबत गेलेली थोरली मुलगी फडाजवळच्या कोपीवर (झोपडीवर) धाकट्याला सांभाळत बसते. मुलांना गावातच ठेवून घेणारे हंगामी वसतिगृह उशिरा उघडले, तर तोवर तोडणी मजुरांची टोळी मुलांसह निघून गेलेली असते. आर्वीत (ता. शिरूर कासार) दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी अशाच मुलांसाठी 'शांतिवन' हा निवासी प्रकल्प उभा केला. एखादे वर्ष देऊ शकणाऱ्या तरुणांनी येत्या हंगामात आधी इकडे यावे. गणित, इंग्रजी शिकवणारी माणसे हवी आहेत.

– एक निवृत्त शिक्षक, बीड