अहर्गण : विग्रह म्हणजे अर्थ नव्हे

जुन्या ज्योतिषग्रंथांत ‘अहर्गण’ हा शब्द आडवा आला की आपल्याकडे त्याची एका ओळीत बोळवण होते : अहन् म्हणजे दिवस, गण म्हणजे समूह; म्हणून ‘दिवसांचा समूह’. विग्रह निर्दोष आहे. त्यातला रेफही ‘अहर्निश’मधलाच. पण अर्थ कुठे आहे? समूह तर आठवडाही असतो आणि पंधरवडाही.

पंचांगगणितात अहर्गण म्हणजे एका ठरावीक आरंभापासून इष्ट दिवसापर्यंत लोटलेल्या सावन दिवसांची, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतच्या दिवसांची, संख्या. ती गणिताने काढावी लागते. गत वर्षांचे मास करायचे, त्यांत अधिकमास मिळवायचे. मासांच्या तिथी करून क्षयतिथी वजा करायच्या. अखेरीस वार जुळतो का ते पाहायचे. चंद्राची तिथी आणि सूर्याचा दिवस यांचा हिशेब या एका संख्येत मिटतो. विग्रहात यातले काहीच नाही.

याहून मोठी अडचण पुढेच आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442 (इ.स. 1520) हे आरंभवर्ष धरून ‘ग्रहलाघव’ रचले. संख्या फुगू नये म्हणून त्यांनी 11 वर्षांचे, 4016 दिवसांचे ‘चक्र’ कल्पिले. चक्रे वेगळी काढून उरलेल्या दिवसांनाच ते अहर्गण म्हणतात. शके 1460 साठी गत वर्षे 18. त्यांत चक्र 1 आणि शेष वर्षे 7. अहर्गण या सातांपुरताच. इथे ‘आरंभापासूनचे सर्व दिवस’ हा पाठ केलेला अर्थ लावणारा विद्यार्थी ग्रहलाघवाचे गणित पहिल्याच पायरीवर चुकवील, आणि दोष मात्र ग्रंथाच्या माथी येईल.

दुसरा पक्ष याच शब्दाला प्राचीन गौरवाचे पदक करून मिरवतो. पण एका दिवसाचा अहर्गण काढून दाखवा म्हटले की गप्प बसतो. उपेक्षा आणि आरती या दोहोंत शब्द सारखाच मरतो.

पारिभाषिक शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो आणि तो ग्रंथागणिक तपासावा लागतो. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी लिहिलेला भारतीय ज्योतिषाचा इतिहास 1896 पासून मराठीत उपलब्ध आहे. तिथे संस्कृत येत नसल्याची सबब चालणार नाही.