रिहॅबिलिटेट: घर मिळालं, पुढे काय?

आज एका इंग्रजी क्रियापदाची चिरफाड. रिहॅबिलिटेट. आपण त्याचं मराठी केलं 'पुनर्वसन करणे' आणि मोकळे झालो. वसणे म्हणजे राहणे. घर दिलं की काम फत्ते! इंग्रजी शब्दही राहण्यावरूनच आला असेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. साफ चूक. मूळ आहे लॅटिन 'हाबिलिस', म्हणजे सक्षम, लायक. 'एबल' हा त्याचाच वंशज. मध्ययुगीन लॅटिनमध्ये या क्रियापदाचा अर्थ होता, गेलेला दर्जा आणि हक्क परत देणे.

आता तारापूरला या. अणुवीज केंद्राच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. भट्ट्या २००५-०६ मध्ये सुरूही झाल्या. मच्छीमाराला समुद्रापासून लांब घर दिलं, तर तो वसला, मान्य. पण सक्षम झाला का? सर्व्हर नव्या खोलीत हलवून नेटवर्कची वायरच जोडली नाही, तर आपण 'मायग्रेशन झालं' म्हणतो का?

'शब्दाचा कीस काढून काय होणार?' अहो, कायदा शब्दांवरच चालतो. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याच्या इंग्रजी नावात रिहॅबिलिटेशन आणि रिसेटलमेंट हे दोन शब्द वेगवेगळे आहेत, उगाच नाही.

३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. हे बंदर समुद्रात भराव घालून होणार. म्हणजे घर जागेवर राहणार, मासेमारीची जागा जाणार. मग 'वसन' शाबूत असलेल्या माणसाचं पुनर्वसन कसलं करणार? तिथे 'पुन्हा सक्षम करणे' असंच लिहा. शब्द लांब आहे, पण पळवाट बंद होते.