न विकलेली जमीन : हॉर्निमन सर्कलची बाग

मुंबईच्या फोर्ट भागात एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरून रस्ता ओलांडला की हॉर्निमन सर्कलची गोल बाग लागते. भोवती एकाच धाटणीच्या दगडी इमारती, त्यांच्या तळमजल्यांवर पादचाऱ्यांसाठी कमानींच्या पडव्या आणि मध्यभागी लोखंडी कुंपणाआड वृक्षांची सावली. बागेचा विस्तार जेमतेम अडीच एकर. शेजारीच स्टेट बँकेची मुख्य शाखा, जवळच रिझर्व्ह बँक आणि पाच-सात मिनिटांच्या चालीवर दलाल स्ट्रीट. ज्या परिसरात वाव-वाव जमिनीचा हिशेब मांडला जातो, तेथे एवढी जागा गेली दीडशे वर्षे इमारतीवाचून कशी राहिली, हा प्रश्न व्यापारी कुळातील वाचकाला पडावा असाच आहे.

या जागेचे मूळ नाव बॉम्बे ग्रीन. मुंबईला तट होता त्या काळी तटाच्या आत, सेंट थॉमस चर्चसमोर हे विस्तीर्ण मैदान पसरले होते. व्यापाऱ्यांच्या कापसाच्या गाठी येथे रचल्या जात आणि सौदेही येथेच होत. कोटाच्या उत्तर भागात, बझार गेटच्या बाजूला, पारशी आणि गुजराती व्यापाऱ्यांची दाट वस्ती होती. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी लागलेल्या भीषण आगीत त्या वस्तीचा मोठा भाग जळाला. त्यानंतर अनेक कुटुंबांनी कोटाबाहेर घरे बांधली. भुलेश्वर, पायधुणी, मांडवी या भागांची भरभराट त्या स्थलांतरानंतर वाढत गेली. घर कोटाबाहेर आणि पेढी कोटात, ही मुंबईकर व्यापाऱ्याची दिनचर्या तेव्हापासूनची म्हणावी लागेल.

१८३३ मध्ये मैदानाच्या पूर्वेला टाउन हॉल, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीची इमारत, पूर्ण झाली. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलविण्यात आला. पुढे विसाव्या शतकात तो शिवडीला गेला. हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकाच्या नावात त्या जुन्या ‘ग्रीन’ची खूण आजही उरली आहे. कापूस गेल्यावर मूळ मैदानाची मात्र रया गेली. तेथे कचरा आणि धूळ साचू लागली. तरीही टाउन हॉलसमोरच्या वडाखाली शेअर दलालांची ऊठबस चालू होती. दुकान नाही, गादी नाही. शब्द हाच दस्तऐवज. पुढे ही मंडळी जागा बदलत बदलत १८७४ मध्ये दलाल स्ट्रीटवर स्थिरावली आणि १८७५ मध्ये त्यांनी आपली रीतसर संस्था स्थापन केली. तीच आजची मुंबई शेअर बाजार ही संस्था होय.

मैदानाचा कायापालट करण्याची कल्पना त्या वेळचे पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांची. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आणि त्यांच्या नंतरचे सर बार्टल फ्रिअर यांनी तिला पाठबळ दिले. नगरपालिकेने सारी जागा ताब्यात घेतली, मध्यभागी वर्तुळाकार बागेसाठी जमीन राखली आणि भोवतालचे भूखंड पाडून ते व्यापारी कंपन्यांना विकले. या विक्रीत नगरपालिकेला चांगला नफा झाला. बागेची आखणी १८६९ मध्ये झाली आणि १८७२ मध्ये ती पूर्ण झाली. प्रारंभी तिला एल्फिन्स्टन सर्कल म्हणत. संध्याकाळी तेथे बँड वाजे आणि पारशी कुटुंबे हवा खायला येत. स्वातंत्र्यानंतर तिला बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव मिळाले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे हे इंग्रज संपादक १९१९ मध्ये हिंदी जनतेची बाजू घेतल्याबद्दल सरकारकडून हद्दपार झाले होते.

नफ्याचा उल्लेख वर सहज येऊन गेला. पण या कथेतील मर्म तेथेच आहे. मध्यभाग विकला नाही म्हणून नगरपालिकेचे नुकसान झाले, असे कोणी म्हणणार नाही. बागेकडे तोंड असलेला भूखंड आणि गल्लीकडे तोंड असलेला भूखंड यांच्या भावातील फरक कोणताही व्यापारी जाणतो. मोकळ्या मध्यभागाने कडेच्या जमिनीला मोल आले, एवढे तरी खात्रीने म्हणता येते. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मध्यभाग मोकळा ठेवण्याचा निर्णय विक्रीच्या आधी झाला होता. सर्व भूखंड विकून झाल्यावर ‘आता उरल्या जागेत बाग करू’ असे ठरविले असते, तर काहीच उरले नसते.

ही आखणी ज्या काळात होत होती, तो काळही साधा नव्हता. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या वर्षांत तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका आणि कंपन्या रोज निघू लागल्या. युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ या वायद्यांच्या दिवशी शहरातील कित्येक पेढ्यांचे दिवाळे वाजले. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांवर आल्याचे शेअर बाजाराच्या इतिहासात नमूद आहे. शेअरच्या तारणावर बेसुमार कर्जे दिलेली ती बँक १८६८ मध्ये बंद करावी लागली. त्याच नावाची नवी बँक उभी राहिली आणि इम्पीरियल बँकेच्या मार्गाने १९५५ मध्ये तिची परंपरा स्टेट बँकेत आली. बागेशेजारच्या मुख्य शाखेला हा सारा इतिहास आहे.

त्या तेजीचे नायक होते शेठ प्रेमचंद रायचंद. सुरतेचे हे जैन गृहस्थ कोसळलेल्या बाजारात आपली अफाट संपत्ती गमावून बसले. तथापि तेजीच्या दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये देऊन ठेवले होते. मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. मातोश्रींची दृष्टी गेली होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा त्यांचा नियम टळू नये म्हणून घंटा हवी होती, अशी आख्यायिका सांगतात. तिच्या खरेपणाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. जे शेअर शेठजींनी राखले ते गेले आणि जे आधीच देऊन टाकले ते शहराजवळ राहिले, हे मात्र टॉवरकडे पाहिले की कळते. मांडवीच्या भात बाजारात कच्छी जैन व्यापारी केशवजी नायक यांनी १८७६ मध्ये बांधलेले कारंजे याच मालिकेतील. गोण्यांच्या आणि हातगाड्यांच्या गर्दीत पाण्यासाठी जागा सोडण्याचे शहाणपण त्या पिढीला होते.

श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील पाचवे व्रत परिग्रह-परिमाणाचे. ते सर्वसंगपरित्याग मागत नाही. गृहस्थाने व्यापार करावा, धन मिळवावे, मात्र जमीन, घरे, सोने, धान्य यांची मर्यादा स्वतः ठरवून घ्यावी, एवढेच ते सांगते. व्रताचे बळ मर्यादा आधी ठरविण्यात आहे. लोभाचा प्रसंग समोर आल्यावर आखलेली मर्यादा प्रसंगाच्या सोयीने सरकत जाते. फोर्जेट यांना या व्रताचे नावही ठाऊक नसावे. परंतु नकाशावर आधी वर्तुळ काढून मग भूखंड विकण्याची रीत या व्रताच्या जवळ जाणारी आहे.

हे सारे आज आठवण्याचे कारण समाजाच्या दाराशी आले आहे. गिरगाव-भुलेश्वर परिसरातील नावे पाहावीत : खेतवाडी, फणसवाडी, हिराबाग, माधवबाग. शेत, फणस आणि बाग नावांत राहिली, जमिनीवर इमारती आल्या. मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत समाजाच्या जुन्या वाड्या, धर्मशाळा, सॅनिटोरियम आणि पाठशाळांच्या वास्तू पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत. वास्तू जीर्ण झाल्या, पुनर्विकास अटळ आहे. त्याला विरोध करून भागणार नाही. प्रश्न एवढाच की देरासरासमोरचा चौक, पाठशाळेचे अंगण, वृद्ध श्रावक-श्राविका सकाळी फिरतात ती चार झाडांखालची वाट, यांचे नव्या नकाशात काय होणार.

‘रिकामी जागा ठेवणे म्हणजे समाजाच्या पैशाचे नुकसान’ असे सभेत म्हटले जाते. हे म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. ज्या कुटुंबांना घर हवे आहे त्यांची निकड खरी असते आणि विश्वस्तांना प्रत्येक चौरस फुटाचा जाब द्यावा लागतो. पण चौकात होणारे स्वामिवात्सल्य, पर्युषणातील गर्दी, तपस्वींचे पारणे, शाळा सुटल्यावर खेळणारी मुले यांचीही गरज तितकीच खरी आहे. ती विकासकाच्या आराखड्यात आपोआप येत नाही. वाहनतळाच्या वर सजवलेली हिरवी गच्ची हा मातीतल्या झाडाला पर्याय नव्हे.

यावर उपाय खर्चिक नाही, पण वेळेवर करावा लागतो. विकासकांकडून प्रस्ताव मागविण्यापूर्वी विश्वस्त मंडळाने मोकळ्या जागेचा ठराव करावा. तीत किती चौरस फूट जागा, कोणत्या बाजूला, कोणती झाडे राखायची, तेथे वाहने उभी राहणार नाहीत, हे स्पष्ट लिहावे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी १९५० च्या कायद्यानुसार घ्यावी लागते. त्या अर्जासोबत हा ठराव जोडला आणि पुढे विकासकाशी होणाऱ्या करारात तो शब्दशः उतरविला, म्हणजे तोंडी आश्वासनांवर विसंबण्याची वेळ येणार नाही. ज्या मंडळांच्या निविदा अद्याप निघालेल्या नाहीत, त्यांनी पुढच्याच सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा. निविदा निघाल्यावर या चर्चेला फारसा अर्थ उरत नाही.