लांच देणाराचा अपराध किती?

लांच घेणें निंद्य आहे याविषयीं दुमत नाहीं. वाद आहे तो देणाराविषयीं. बापाच्या मागें शेत आपल्या नांवावर चढावें म्हणून कचेरींतील कारकुनाचा हात ओला करणारा शेतकरी, आणि सरकारी ठेका पदरांत पडावा म्हणून थैली पाठविणारा ठेकेदार, यांना एकाच दोरीनें बांधावें काय? आमच्या मतें बांधूं नये. पहिला नाडला जातो. दुसरा लुटींतील भागीदार असतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाहीं. १८८८ सालीं मध्य विभागाचे कमिशनर क्रॉफर्ड यांच्यावर लांचेचे आरोप आले, तेव्हां पैसे दिल्याचें कबूल करणाऱ्या मामलेदारांस सरकारनें अभयवचन दिलें. परिणाम काय झाला? साहेबांवरील लांचेचा आरोप चौकशींत शाबीत झाला नाहीं. हाताखालील लोकांकडून कर्ज काढल्याबद्दल तेवढी त्यांची नोकरी गेली. उलट विलायतेंत ओरड होतांच खरें बोललेल्या कांहीं मामलेदारांना घरीं बसावें लागलें. टिळकांनीं त्यांचा कैवार घेतला तो योग्यच होता, कारण दिलेलें वचन सरकारनें मोडूं नये. तथापि बढतीसाठीं पैसा मोजणारा मामलेदार निर्दोष होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. तो पैसा शेवटीं कोणाच्या घरांतून निघावयाचा, हें रयतेस विचारावें!

आतां हल्लींचा कायदा पाहूं. २०१८ च्या दुरुस्तीनें लांच देणें हा स्वतंत्र गुन्हा ठरला असून त्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. नाइलाजानें दिली असल्यास सात दिवसांच्या आंत पोलिसांस किंवा तपास करणाऱ्या खात्यास कळवावें, म्हणजे गुन्हा नाहीं. पुस्तकांत हें शोभतें. परंतु ज्याचें काम त्याच कारकुनाच्या दप्तरांत महिनोन् महिने पडून आहे, त्यानें सातव्या दिवशीं फिर्याद करून आठव्या दिवशीं कोणत्या पायरीवर उभें राहावें? हक्काच्या कामासाठीं लांच देणारास गुन्हेगार समजूंच नये, म्हणजे तो निर्भयपणें साक्ष देईल, असें अर्थशास्त्रज्ञ कौशिक बसू यांनीं २०११ सालीं सुचविलें होतें. इतकी मोकळीक आम्हांस मान्य नाहीं. तिनें लांच ही फी होऊन बसेल. मुदत मात्र काम हातीं पडल्या दिवसापासून मोजावी, एवढी सुधारणा व्हावयास हरकत कोणती?

आमच्या वकीलवर्गाविषयींही बोललें पाहिजे. नक्कल लवकर हवी तर ‘चहापाण्याचें’ बघा, असें पक्षकारास सुचविणारे वकील आम्हीं पाहिले आहेत. अर्जाची व अपिलाची वाट पक्षकाराला ठाऊक नसते, यांना असते. तेव्हां त्या पैशाचा दोष पक्षकारापेक्षां अधिक आम्ही यांच्याच पदरीं घालतों.