संगमापर्यंतचा रस्ता

भाऊबीजेला मी श्रीपूरला जाते, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा नेम आहे. श्रीपूर म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातले उसाचे नि साखर कारखान्याचे गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्याभोवती ते वाढले. वडील तिथे कारकून होते. निवृत्त झाल्यावरही गाव सोडायचे त्यांच्या मनात आले नाही. आता तिथे आई, भाऊ आणि भावजय असतात.

एरवी या सदरात मी शब्दांबद्दल लिहिते, प्रवासाबद्दल नाही. पण या खेपेचा प्रवासही एका शब्दावरूनच सुरू झाला, तेव्हा संपादकांनी नि वाचकांनी तेवढी सवलत द्यावी.

झाले असे, की माझा भाचा (भावाचा मुलगा, काही जण त्याला पुतण्याही म्हणतात, पण आत्याच्या तोंडी 'भाचा'च बसतो) नुकताच लाओस देशात फिरून आला होता. लुआंग प्रबांग नावाचे एक जुने गाव तिथे आहे. मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या संगमावर ते वसले आहे आणि १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. २०२१ च्या डिसेंबरपासून तिथे आगगाडी जाते. पण या पठ्ठ्याने गाडी सोडून सरहद्दीवरच्या हुआय साय गावाहून लाकडी बोट धरली. दोन दिवसांचा प्रवास. मध्ये पाकबेंग नावाच्या खेड्यात रात्रीचा मुक्काम.

"दोन दिवस बोटीत बसून केलेस काय रे?" भावजयीने विचारले.

"काही नाही. तेच तर करायचे होते," तो म्हणाला.

फराळाच्या बशा हातात घेऊन आम्ही त्याची छायाचित्रे पाहत बसलो होतो. पहाटे भगव्या वस्त्रांतले भिक्षू ओळीने भिक्षेला निघतात नि गावकरी रस्त्याच्या कडेला बसून त्यांच्या पात्रांत मूठ मूठ चिकट भात घालतात. पाहुण्यांनी त्या वेळी लांब उभे राहावे, बोलू नये, खांदे नि गुडघे झाकलेले असावेत, असा तिथला रिवाज. नाम खान नदीवर दर कोरड्या ऋतूत बांबूचा पूल बांधतात आणि पावसाळा आला, की तो काढून घेतात. हे सारे तो अगदी रंगून सांगत होता. मग म्हणाला, "आत्या, तुझ्या कामाचा शब्द सांगतो. तिथे नदीला मे-नाम म्हणतात. मे म्हणजे आई, नाम म्हणजे पाणी."

मी वही शोधायला उठणार, तोच कोपऱ्यातून आई म्हणाली, "मग आपण नीरामाई म्हणतो, ते काय वेगळे आहे?"

पुढच्या छायाचित्रात दोन नद्या एकमेकींत मिसळताना दिसत होत्या. एकीचे पाणी गढूळ, दुसरीचे जरा हिरवट. आई चष्मा सावरून पुढे झाली नि बराच वेळ पाहत राहिली. "नरसिंगपूरचा संगम असाच असेल का रे?" तिने नातवाला विचारले.

असेल का? मी चमकले. नरसिंगपूर आमच्या घरापासून तासाभराच्या आतल्या रस्त्यावर. वडिलांच्या अस्थी तिथेच सोडलेल्या, त्याला एकोणीस वर्षे झाली. मी म्हणाले, "आई, तू पाहिलेला नाहीस?"

"मी कशाला जाईन? त्या दिवशी पुरुषमंडळी गेली. बायकांनी जायचे नसते म्हणाले. पुढे कुणी नेले नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती, तर बरे झाले असते. भाऊ खाली मान घालून चकलीचा तुकडा मोडत बसला. मी तरी काय करत होते? एकोणीस दिवाळ्या मी या घरात येऊन गेले. गुडघे दुखतात म्हणून आई कुठे जात नाही, असे आम्ही ठरवून टाकले होते. तिला मात्र कुणी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो.

आता ज्यांना या बाजूला यायचे असेल, त्यांच्यासाठी थोडी माहिती द्यायला हवी. नीरा नदी भोरकडच्या सह्याद्रीत उगम पावते, भीमा भीमाशंकराला. दोघी नीरा-नरसिंगपूरला भेटतात. नरसिंगपूर पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला आहे. नीरेच्या अलीकडे आमचा माळशिरस तालुका, भीमेच्या पलीकडे माढा. तीन तालुके नि दोन जिल्हे एकमेकांच्या अंगणात डोकावतात, असे हे ठिकाण. लक्ष्मी-नृसिंहाचे देऊळ विंचूरकर सरदारांनी बांधलेले. गढीसारखी उंच दगडी बांधणी नि नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या. प्रल्हादाने इथे वाळूची नृसिंहमूर्ती करून पूजिली, अशी श्रद्धा आहे. पुष्कळ घराण्यांचे हे कुलदैवत आहे. वैशाखात नृसिंह जयंतीला गर्दी उसळते. दिवाळीनंतरच्या साध्या दिवशी मात्र देवळात निवांतपणा मिळतो.

दिवस कोणते निवडावेत? पावसाळा सरल्यापासून माघापर्यंतचे. नद्यांना पाणी असते नि ऊन सोसवते. उन्हाळ्यात मात्र पात्र पाहून मन खट्टू होते. शिवाय दोन्ही नद्यांच्या माथ्यावर धरणे आहेत. भीमेवर १९८० साली पूर्ण झालेले उजनी, नीरेवर वीर. वरून पाणी सोडले, की खाली पातळी वाढते. म्हणून पावसाळ्यात नि पाणी सोडल्याची दवंडी असेल तेव्हा पात्रात उतरू नये. वाळू उपशाने नदीत खोल खड्डे पडलेले असतात, ते वरून दिसत नाहीत. पोहण्याची हौस घरी ठेवावी. नदीचे पाणी डोक्याला लावावे, पोटात घेऊ नये. होडीत बसायचे, तर अंगात घालायचे तरंगते जाकीट मागून घ्यावे नि ते नसेल, तर सरळ उतरावे. २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या जलाशयात होडी उलटून सहा जण बुडाले. हे विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट रस्त्याची. दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम सुरू होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याकडे चाललेले असतात आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच, असा भरवसा धरू नये. या भागात काळोख पडायच्या आत मुक्काम गाठावा. खाण्याची सोय बरोबर असलेली बरी. आम्ही धपाटे, शेंगदाण्याची चटणी नि दही घेतले होते. नदीकाठी त्याची चव निराळीच लागते. मात्र कागद नि पिशव्या परत घरी न्याव्यात. नदीला आई म्हणायचे नि तिच्या पदरात केर टाकायचा, हे बरे नव्हे.

गाडीत मी माझ्या सवयीप्रमाणे कार्यक्रम आखत होते. आधी दर्शन, मग संगम, दुपारी अकलूजचा नीरेकाठचा भुईकोट किल्ला, जमल्यास वेळापूरचे अर्धनारीनटेश्वराचे देऊळ. पुतण्या हसून म्हणाला, "आत्या, लुआंग प्रबांगला लोक एका दिवसात सगळे पाहून जातात. त्यांना तिथे काय आहे, ते कळतच नाही. मी चार रात्री राहिलो. तिसऱ्या दिवशी नदी दिसायला लागली."

देवळात दर्शन झाले. पायऱ्या उंच, आई एकेक पायरी थांबून चढली. पुतण्याने उचलून नेण्याची तयारी दाखवली, तेव्हा त्याला म्हणाली, "चढेन मी. घाई आहे का तुला?" त्याला घाई नव्हती. घाई मला होती.

नंतर आम्ही काठावर आलो. खाली उतरणे तिला शक्य नव्हते. वरच्या पायरीवर सतरंजी घातली. पुतण्या तिच्याजवळ जाऊन बसला नि गप्प राहिला. हे गप्प बसणे तो तिकडे शिकून आला होता. समोर दोन पाणी एकमेकांत मिसळत होते. पलीकडच्या काठाला म्हशी डुंबत होत्या. एक होडी बांधून ठेवलेली होती. बगळे चिखलात उभे होते.

मी दोन-तीन वेळा घड्याळ पाहिले. मग तेही सोडले.

बऱ्याच वेळाने आईने भावाला विचारले, "नेमके कुठे सोडले होते रे?"

भाऊ उभा राहिला. त्याने हात केला, मग खाली घेतला नि पुन्हा दुसरीकडे केला. एकोणीस वर्षांत नदीने काठ बदलले होते. "तिथे... त्या दगडाच्या पुढे असावे," तो म्हणाला, आणि त्याला पुढे बोलवेना.

आई त्या दगडाकडे पाहत राहिली. पदराने डोळे पुसेल, असे मला वाटले होते. तिने पदर डोक्यावरून नीट घेतला, एवढेच. मग म्हणाली, "बरी आहे जागा. मोकळी आहे. मला वाटायचे, कुठे अडचणीत सोडले की काय."

एकोणीस वर्षे ती ही काळजी घेऊन बसली होती, आणि आम्ही तिच्या गुडघ्याला तेल चोळत होतो!

पुतण्या खाली जाऊन तांब्यात पाणी घेऊन आला. तिने ओंजळीत घेतले, डोळ्यांना लावले नि उरलेले पायरीवर सोडले. अकलूजचा किल्ला नि वेळापूर राहूनच गेले. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

येताना आई फार बोलली. लग्नानंतर श्रीपूरला बिऱ्हाड कसे मांडले, वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी अकलूजहून माळीनगरवरून बोरगावला निघाली, की वडील वारकऱ्यांना चहा देण्यासाठी सकाळपासून कशी धांदल करीत, सराटीजवळ पादुकांना नीरास्नान घालतात ते पाहायचे कसे राहून गेले. माझ्या कानांना हे सारे नवे होते.

आणि पंढरपूर? जवळच आहे, जावेच. पण भाऊबीजेनंतर नवव्या दिवशी कार्तिकी एकादशी येते. तेव्हा निवांतपणा हवा असेल, तर मार्गशीर्षात जावे. त्या महिन्यात विठोबा नदीतल्या विष्णुपदावर राहायला जातो, असे मानतात. चंद्रकोरीसारखे वळलेले भीमेचे पात्र पहाटे पाहावे. पुंडलिकाचे देऊळ पाहावे. १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले व्हावे, म्हणून साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले, ते याच गावात, याची आठवण मुलांना सांगावी. ज्यांना रांगेत उभे राहवत नाही, त्यांच्यासाठी मुखदर्शनाची सोय आहे. आईला आम्ही येत्या मार्गशीर्षात नेणार आहोत. तारीख या वेळी तिने ठरवली आहे.

लुआंग प्रबांगला जाणाऱ्यांनी खुशाल जावे. पुतण्याने तिथून जे आणले, ते कोणत्याही पेटीत मावणारे नाही. मात्र तिकिटे काढण्यापूर्वी एक करावे. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसावे नि विचारावे, "तुझे कुठे जायचे राहिले आहे?" उत्तर लगेच मिळणार नाही. "माझे काय राहायचे आहे आता," असे म्हणतील. तेवढ्यावर उठू नये.

आमचे उत्तर तासाभराच्या रस्त्यावर होते. तिथे पोचायला एकोणीस वर्षे लागली.