फ्रीजरपूर्वीचे दोन तास

घोडबंदर रोडवरील मानपाडा, कासारवडवली भागांतल्या उंच इमारतींत राहणाऱ्या तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी रविवारचा स्वयंपाक हा आठवड्याचा स्वयंपाक असतो. आईबाबा दोघेही नोकरीवर, संध्याकाळी परतताना रस्त्यावर वाहनांची रांग. मग टोमॅटोचे सार, छोल्यांची उसळ, आमटी पातेलेभर शिजवून फ्रीजरमध्ये ठेवतात. आजीला हे पसंत नसते. शिळे ते शिळेच, असे तिचे म्हणणे. आईबाबा म्हणतात, फ्रीजरमध्ये अन्नाला काही होत नाही. माझ्या मते दोन्ही पक्ष खरा प्रश्न विसरतात. पातेले शेगडीवरून उतरल्यापासून फ्रीजरमध्ये जाईपर्यंत किती वेळ गेला?

पाच लिटरचे पातेले झाकून ओट्यावर ठेवायचे आणि 'गार झाले की ठेवू' म्हणत झोपी जायचे! मीही कित्येक वर्षे हेच करीत असे. पातेले बाहेरून गार लागते, पण मध्यभागी आमटी कित्येक तास कोमट असते. उकळल्याने बहुतेक जिवाणू मरतात. मात्र काहींचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा त्यांपैकीच. त्याला प्राणवायू मानवत नाही आणि उकळलेल्या आमटीच्या खोल भागात प्राणवायू फारसा उरलेलाच नसतो. ४५ अंश सेल्सियसच्या आसपास तो सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होतो. गणित करून पाहा: एकाचे दोन तासांत ४०९६. फ्रीजरमधील उणे १८ अंश तापमान ही वाढ थांबवते. झालेली वाढ पुसून टाकील, अशी भिस्त त्यावर ठेवता येत नाही.

'खाताना उकळून घेऊ की!' शिळ्या कढीला असा ऊत आणणे चांगलेच, खळखळून उकळावेच. परंतु भातात वाढणाऱ्या बॅसिलस सीरियसचे एक विष उकळूनही नष्ट होत नाही. दिवसभर बाहेर राहिलेला भात मग कितीही तापवा.

उपाय स्वस्त आहे. अन्न उथळ भांड्यांत काढा. उसळीसारख्या घट्ट पदार्थाचा थर निम्मा केला, तर तो निवायला साधारण चौथा हिस्सा वेळ पुरतो. सार असेल तर भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा. दोन तासांच्या आत ते २१ अंशांखाली यावे, आणि लगेच फ्रीजमध्ये जावे. पुरते थंड झाले की फ्रीजर.

डबे एका जेवणापुरते, लहान घ्या. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, म्हणजे लिटरभराचे १०९० मिलिलिटर होते. काठोकाठ भरलेली काचेची बरणी तडकते ती यामुळे. वर दोन बोटे जागा सोडा. झाकण मात्र घट्ट हवे, नाहीतर बर्फाचे थेट वाफेत संप्लवन होऊन पदार्थ कोरडा पडतो. डब्यावर तारखेची चिठ्ठी लावा. बटाटा गोठवल्यावर भुसभुशीत होतो, तो आयत्या वेळी घाला.

शिक्षकांना एक विनंती. दोन लिटर गरम पाणी घेऊन निम्मे उंच गंजात, निम्मे परातीत ओतावे आणि दर दहा मिनिटांनी दोन्हींचे तापमान मुलांकडून नोंदवून घ्यावे. प्रयोगशाळेतील तापमापक पाण्यातच बुडवावा, अन्नात नको. आणि मुलांनो, त्याचा आलेख घरी न्या. आजी आणि आईबाबा, सर्वांनाच दाखवा.